दवाखान्यातलं बीपी आणि घरातलं बीपी



'डॉक्टर, घरी इतकं येत नाही हो!' दंडाला पट्टा बांधून आकडा सांगितला, की समोरच्या खुर्चीतून हे वाक्य हमखास येतं. आम्ही डॉक्टर मंडळी ते बहुतेक वेळा कानाआड करतो. गोळी टाळायची म्हणून पेशंट काहीतरी सांगतोय, असं धरून चालतो. माझं आज एवढंच म्हणणं आहे, की त्या वाक्यावर विश्वास ठेवून ते तपासून पाहिलं पाहिजे. गोळी त्यानंतर.

असं म्हणायला भक्कम आधार आहे. १९८३ साली इटलीतल्या मिलान शहरात ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ जणांच्या धमनीत बारीक नळी घालून सलग २४ तास रक्तदाबाची नोंद घेतली. म्हणजे पट्टा नाही, पंप नाही, मोजण्यातल्या चुकीला फारसा वाव नाही. मधेच डॉक्टर खाटेपाशी येऊन नेहमीसारखं बीपी तपासायचे. डॉक्टर जवळ आले रे आले, की जवळजवळ प्रत्येकाचा दाब चढायचा आणि एक ते चार मिनिटांत शिखर गाठायचा. वरचा दाब सरासरी २७ने आणि खालचा १५ने वाढला. पण सरासरीपेक्षा मला त्यातला फरक महत्त्वाचा वाटतो. कुणाचा वरचा दाब जेमतेम ४ने वाढला होता, तर कुणाचा ७५ने. या ४८ जणांत बीपीचा त्रास असलेले होते तसे नसलेलेही होते. पुढे १९८७मध्ये याच गटाने नर्सकडून बीपी मोजून घेतलं, तेव्हा ही वाढ साधारण निम्म्यावर आली.

म्हणजे आकडा खरा असतो, यंत्र बरोबर असतं. डॉक्टर आता काय सांगणार या धास्तीने अॅड्रिनलिन सुटतं, नाडी पळते, बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या दोन-चार मिनिटांत दाब खरोखरच तेवढा असतो. चूक होते ती पुढे. त्या दोन-चार मिनिटांवरून आपण माणसाच्या बाकीच्या चोवीस तासांचा निकाल लावतो. दाब फक्त दवाखान्यात वाढलेला आणि एरवी ठीक असेल, तर वैद्यकात त्याला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' म्हणतात. न्यूयॉर्कच्या थॉमस पिकरिंग यांनी १९८८ साली, दवाखान्यात बीपी थोडं वाढलेलं आणि अजून गोळ्या सुरू न झालेल्या २९२ जणांच्या दंडाला दिवसभर मोजणारं यंत्र लावलं. त्यांतल्या पाचातल्या एकाचा दाब इतर वेळी ठीक निघाला.

आता हे आपल्याकडे कसं घडतं ते पाहा. मोतीबिंदूचं शिबिर आहे. सत्तरीच्या मावशी पहाटेच्या एसटीने आल्यात. चहा झालाय, लघवीला जायचं राहिलंय, कारण रांगेतला नंबर जाईल. दोन तास उभं राहून त्या टेबलापाशी येतात. टेकायला काही नाही, हात अधांतरी. पोलक्याची बाही वर सरकवलेली, ती दंडाला काचतेय. पट्टा फुगत असताना सिस्टर विचारतात, 'मावशी, बरोबर कोण आलंय?' आणि मावशी सांगायला लागतात. आकडा येतो १८४. 'बीपी वाढलंय, आज ऑपरेशन नाही.' मावशी आल्या तशा परत.

यातली एकेक गोष्ट घ्या. हात लोंबकळत ठेवला तर दाब दहाएक अंकांनी जास्त येऊ शकतो. मोजताना बोललं, तरी साधारण तेवढाच. तुंबलेली लघवी, नुकताच घेतलेला चहा, जाड दंडाला लहान पट्टा, या प्रत्येकाने आकडा वर जातो. त्यात 'आज होईल ना?' ही धाकधूक. मावशींना खरंच बीपी आहे की नाही, हे त्या १८४वरून कुणालाच सांगता येणार नाही. पुढच्या तारखेला त्या येतात त्या पट्ट्याचीच धास्ती घेऊन, आणि आकडा पुन्हा चढतो. मला हे फार लागतं, कारण पाच मिनिटं बसायला एक खुर्ची आणि दुसऱ्यांदा मोजायची तयारी, एवढ्यावर अशा कित्येकांची खेप वाचेल.

दुसरं नुकसान गोळ्यांचं. दर भेटीला दवाखान्यातला आकडा पाहून डोस वाढवत नेला, तर घरी दाब गरजेपेक्षा खाली जातो. रात्री बाथरूमला उठलेल्या आजोबांना चक्कर येते, ते पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं.

तरीही एक गैरसमज घेऊन इथून जाऊ नका. दवाखान्यातच वाढणारं बीपी म्हणजे काहीच नाही, असं नव्हे. आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोळ्या सुरू नसताना ज्यांचा दाब फक्त दवाखान्यात वाढतो, त्यांना हृदयविकाराचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा काहीसा जास्त असतो, असं त्यात दिसलं. यांतल्या काहींना पुढे खरंच बीपी जडतं, म्हणून वर्षाकाठी एकदा तरी घरचं मोजमाप करायला हवं. याच्या उलटही असतं. काहींचं दवाखान्यात अगदी ठीक आणि घरी, कामावर चढलेलं. ते जास्त घातक, कारण तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. आणि आकडा १८०च्या वर असून छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलताना जीभ अडखळतेय किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटतोय, तर 'घाबरल्यामुळे असेल' म्हणत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. चालू गोळीही आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता घरी मोजायचं कसं? मनगटाचं नको, दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या आणि पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना ते पाहा. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसा. टीव्ही बंद. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट सोडून. सकाळचं मोजमाप गोळीच्या आधी. असे सात दिवस. धडधड वाटली म्हणून दर तासाला मशीन काढून बसू नका, त्याने घराचाच दवाखाना होतो. आणि आलेला प्रत्येक आकडा वहीत उतरवा, मनासारखा आला नाही म्हणून गाळू नका.

पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकी सहा दिवसांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९०ची रेघ धरतात, घरी ती १३५/८५ला असते. सरासरी त्याच्या खाली असेल आणि दवाखान्यातला आकडा वर, तर डॉक्टरांपुढे वही उघडी ठेवा आणि विचारा, 'चोवीस तासांचं यंत्र लावून बघायचं का?' पहिल्या भेटीत मशीनही बरोबर न्या, त्यांच्या यंत्राशी ताडून बघता येईल. हे विचारताना संकोच करू नका. माझ्या व्यवसायबंधूंपैकी जे इथे बसलेत, त्यांना माझी विनंती आहे, की ती वही परत सरकवू नका. केसपेपरवर आपल्या आकड्याशेजारी तिच्यातली सरासरी लिहा आणि डोस ठरवताना दोन्हींकडे बघा.