मे महिन्यात शाळेचं फाटक उघडं ठेवू या
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातल्या संधी' यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. तुमची मुलं त्या विषयातलं माझ्याइतकंच जाणतात, शिवाय त्यांना आजच्या बाजारातले पगारही माहीत आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. हातात पैसे नसताना मुलांची मे महिन्याची सुट्टी कशी घालवायची, यावर मी बोलणार आहे. शेवटी एक मागणीही करणार आहे. ती आपल्या बॅचच्या निधीबद्दल आहे, तेव्हा जेवणाच्या वासाकडे लक्ष गेलं तरी थोडे कान इकडे ठेवा.

आपल्या वेळी सुट्टी फुकटच होती, असं आपण नेहमी म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. कुणी मामाच्या गावाला जायचं, कुणी राजवाड्यासमोर क्रिकेट खेळायचं, हे खरं. पण याच वर्गातला एक जण मे महिनाभर डोंगरातून करवंदं आणून स्टँडवर द्रोणांनी विकायचा. आज तो इथेच बसलाय, नाव घेत नाही. एक मैत्रीण दोन धाकट्या भावंडांना सांभाळायची, म्हणून तिला आपण कधी खेळायला बघितलंच नाही. बाकीच्यांची सुट्टी फुकट झाली, कारण घरोघरी ओट्यावर कुणीतरी बसलेलं असायचं. पापड लाटत, गहू निवडत बसलेली आजी किंवा शेजारच्या काकू. त्या आपल्यासाठी काहीही आयोजित करत नव्हत्या. त्या फक्त तिथे होत्या.

मी पुण्यात राहते. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या बायका, वॉचमन, गाड्या धुणारी माणसं यांची मुलं मे महिन्यात काय करतात, हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं. आई सकाळी सातला बाहेर पडते आणि दारू, गाड्या, भांडणं यांच्या भीतीने बाहेरून कडी लावते. आत दोन मुलं आणि एक टीव्ही. आजूबाजूला उन्हाळी शिबिरं भरपूर, पण एका शिबिराची फी म्हणजे तिचा महिन्याचा किराणा. मग मी आणि एका निवृत्त शिक्षिका शेजारणीने खालची पार्किंगची जागा सकाळी साडेसात ते दहा मागून घेतली. माझं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे मला सकाळ मोकळी करता येते. हे भाग्य सगळ्यांना नसतं.

तीन वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. आम्ही काय शिकवतो, हे एकाही आईने विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, "ताई, शेवटपर्यंत कोण थांबणार?" बिनपैशाच्या गोष्टींचा तुटवडा नाहीच. तुटवडा आहे तो तिथे थांबणाऱ्या मोठ्या माणसाचा.

गोष्टी किती आहेत बघा. माझी सगळ्यात आवडती सांगते, कारण तिला खर्च आहे केरसुणीच्या एका काडीचा. शून्य सावलीचा दिवस. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात वर्षातून दोन दिवस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात हा दिवस ६-७ मेच्या सुमारास, साताऱ्यात १० किंवा ११ मेला, पुण्यात १३ मेच्या आसपास, नागपुरात २६ मेच्या आसपास येतो. म्हणजे आपल्याकडे ऐन सुट्टीत. दिल्लीच्या पोरांना हा कधीच मिळत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. दुसरा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला असतो, पण तेव्हा साताऱ्याच्या आभाळात सूर्य शोधून सापडत नाही.

एका दिवसाचा हा खेळ नाही, दोन आठवड्यांचा आहे. मातीत काडी सरळ रोवायची आणि रोज साडेबाराला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. ऊन कडक असतं, त्यामुळे डोकं झाकून, पाच मिनिटांत खडा ठेवून सावलीत परत. खडे रोज काडीच्या जवळ येतात, एक दिवस सावली गायब होते आणि नंतर ती काडीच्या दुसऱ्या बाजूला पडायला लागते. एप्रिलात दुपारची सावली उत्तरेला असते, मेच्या शेवटी दक्षिणेला. आमच्या वॉचमनच्या मुलीने विचारलं, "सूर्य डोक्यावर बाराला का येत नाही? साडेबाराला का?" तिला नकाशा दाखवला. भारताचं घड्याळ लावलंय साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर, आपण चौऱ्याहत्तरच्या आसपास. दर अंशाला ४ मिनिटं. साडेआठ चोक चौतीस, तिने तोंडी केलं. वरच्या तीन-चार मिनिटांचा हिशोब ती मोठी झाल्यावर करेल. भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना हे ऐकून बरं वाटेल. रेखांशावरची गणितं त्यांनी आपल्याकडून फळ्यासमोर उभं करून घेतली होती.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. अजिंक्यतारा सकाळी सहाला चढायला लागा, नऊच्या आत खाली. वर जाऊन फक्त फोटो काढायचे नाहीत. सज्जनगड, यवतेश्वर, जरंडा, चंदन-वंदन कुठे आहेत ते मुलांना कागदावर काढायला लावा. लिंबची बारा मोटेची विहीर बघायला तिकीट नाही. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ती विहीर. नाव बारा मोटांचं, पण मोटा लावायच्या जागा मुलांना मोजायला सांगा, पंधरा भरतात. जायला एसटी आहे. बायकांना अर्धं तिकीट, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला फुकट. म्हणजे सहलप्रमुख आजीच.

घरात बसायचं तर काचापाणी, सागरगोटे, पट. बांगड्यांचे तुकडे अजून फुकटच आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. अरविंद गुप्तांनी काड्यापेटी, झडप-नळी, जुन्या वर्तमानपत्रांपासून करायच्या खेळण्यांची पुस्तकं मोफत ठेवली आहेत, मराठीतही आहेत. पण इथे एक अडचण सांगते, कारण माझ्या धंद्यातली माणसं ती विसरतात. 'मोफत' म्हणून जे मोबाइलवर ठेवलेलं असतं, ते मोबाइल असणाऱ्याला मोफत. ज्या घरात एकच फोन आहे, तो सकाळी बापाबरोबर एमआयडीसीत जातो. म्हणून आम्ही 'किशोर'चे अंक छापून घेतो आणि दोरा घालून शिवतो. हाताळून फाटले की पुन्हा छापतो. फाटलेला अंक मला आवडतो.

आणि खाऊ. शाळा सुरू असताना दुपारचा पोषण आहार असतो, सुट्टीत तो थांबतो. साडेनऊला मुलं चुळबुळ करायला लागली की आधी ती कंटाळलीत असं वाटतं. ती भुकेली असतात. चणे-गूळ ठेवला की दहापर्यंत शांतपणे वाचत बसतात.

आता मागणी. आपल्या बॅचने शाळेला काहीतरी द्यायचं ठरवलंय आणि बहुतेकांचं मत डिजिटल वर्गाच्या बाजूने आहे. मी संगणकात पोट भरणारी बाई आहे आणि माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. मोठा पडदा चार वर्षांत जुना होतो, दुरुस्तीला माणूस येत नाही आणि मे महिन्यात तो कुलपात असतो. मी मुख्याध्यापिकांशी बोलले. मे महिन्यात आपलं ग्रंथालय बंद असतं. पुस्तकं आहेत, मैदान आहे, कडुलिंबाची सावली आहे, पिण्याचं पाणी आहे. किल्ली घेऊन बसणारं माणूस नाही. आजच्या शाळेतल्या पुष्कळ मुलांच्या आया सकाळी कामावर जातात, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणून निधीतून दोन गोष्टींना पैसे द्यावेत. सहा आठवडे सकाळी साडेसात ते दहा फाटक उघडणाऱ्या एका माणसाचं मानधन, आणि चणे-गूळ. मानधन नीट द्यावं, सेवा म्हणून कुणाला राबवू नये. त्याच्या जोडीला रोज आपल्यापैकी दोघं. शिकवता आलं नाही तरी चालेल. ओट्यावरच्या काकूंसारखं नुसतं बसायचं, कुणी पडलं तर उचलायचं. शाळेची लेखी परवानगी लागेल, येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरचा फोन नंबर वहीत लागेल आणि ओळखीचं असो वा नसो, मोठं माणूस एकटं मुलांबरोबर राहणार नाही हा नियम लागेल. म्हणूनच दोघं म्हणाले.

काही जण म्हणतील, आम्ही मुंबईत, आम्ही दुबईत. तुमच्यासाठी चणे-गूळ आहे. साताऱ्यात राहणाऱ्यांनी मात्र वार द्यावा. चहाच्या टेबलावर मी सहा आठवड्यांचा कागद ठेवलाय. ३ मेपासूनचा पहिला आठवडा मी रजा टाकून घेतलाय, जोडीदार हवाय. १० आणि ११ मे या दोन्ही दिवशी दुपारी साडेबाराला मैदानावर थांबायला भूगोलाच्या बाईंनी होकार दिला आहे. काड्या मी आणते.