घरातले फोटो टिकवायचे कसे?

आजी-आजोबांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो आजही स्पष्ट दिसतो, आणि 1980च्या आसपासचा रंगीत फोटो मात्र बऱ्याचदा तांबूस पडलेला असतो. कारण रसायनात आहे. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. रंगीत फोटोतली सेंद्रिय रंगद्रव्यांची, आणि ती बंद अल्बममध्येही हळूहळू विटतात. तरीही डिजिटलपेक्षा फिल्मच टिकाऊ, असं सरसकट म्हणता येत नाही. कोकणातल्या दमट पावसाळ्यात निगेटिव्हच्या जिलेटिनवर बुरशी चढते, आणि तिने खाल्लेला भाग परत मिळत नाही.

डिजिटल फाइल विटत नाही. तिची हजारावी प्रतही मूळ फाइलइतकीच अस्सल. पण हार्डडिस्क अचानक बंद पडते, आणि दोन वर्षं न वापरलेलं गुगल खातं फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. ‘मग निगेटिव्हच बरी, कपाटात पडून तरी राहते,’ असं कुणी म्हणेल. ते खरं आहे. दुर्लक्ष सोसण्याची ताकद कृष्णधवल निगेटिव्हमध्ये नक्कीच जास्त. पण पुरात ती एकुलती एक प्रत गेली, की सगळंच गेलं. म्हणून निगेटिव्ह स्कॅन करा, पण फेकू नका. फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक परगावच्या नातेवाइकांकडे. आणि फोटोतल्या माणसांची नावं, ती ओळखणारं कुणी घरात आहे तोवर, लिहून ठेवा.