दोन शेवटचे निरोप

मरणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द घरांतील मंडळी जन्मभर जपून ठेवितात. एरव्हीं वडिलांचें म्हणणें या कानानें ऐकून त्या कानानें सोडून देणारा मुलगाहि त्या वेळची आज्ञा मोडावयास कचरतो. पवित्र शास्त्रांत असे निरोप पुष्कळ आहेत. याकोबानें आपल्याला मकपेलाच्या गुहेंत वाडवडिलांशेजारीं पुरावें असें पुत्रांना सांगितलें. मोशेनें इस्राएलाच्या वंशांना आशीर्वाद दिले. आंधळ्या शमशोनानें शेवटचें बळ मागितलें तें सूड घेण्यासाठीं. परंतु मिळालेल्या थोड्या वेळांत मी दोघांविषयींच बोलणार आहें, दावीद व योसेफ.

दाविदानें एकंदर ४० वर्षें राज्य केलें, ७ वर्षें हेब्रोनांत आणि ३३ वर्षें यरुशलेमेंत. मरणकाल जवळ आल्यावर त्यानें शलमोनास बोलाविलें. निरोपाचा आरंभ उदात्त आहे. मन खंबीर कर, मोशेच्या नियमशास्त्रांतील विधि पाळ, म्हणजे तुझें कल्याण होईल, असा त्याचा आशय आहे. बहुतेक उपदेशक येथें पुस्तक मिटतात. पण १ राजे, दुसरा अध्याय, पुढें वाचूं लागलें कीं तीन नांवें येतात. पहिलें यवाबाचें. त्यानें दोन सेनापतींचे खून केले होते, तेव्हां तें न्यायाचें प्रकरण आहे असें म्हणतां येईल. दुसरें बर्जिल्लयाचें. संकटांत अन्न पुरविणाऱ्या या वृद्धाच्या मुलांना राजाच्या पंक्तीला जेवूं घालावें, ही कृतज्ञता गोड आहे. तिसरें नांव शिमीचें.

याची हकीकत थोडी मागें जाऊन सांगितली पाहिजे. पुत्र अबशालोम उलटल्यामुळें दावीद राजधानी सोडून पळत असतां, बहूरीम गांवाजवळ शौलाच्या घराण्यांतील हा माणूस बाहेर आला आणि राजाला धोंडे मारीत, शिव्याशाप देत चालूं लागला. अबीशय त्याचें डोकें उडवावयास निघाला, तेव्हां दाविदानें त्याला आवरलें. कदाचित् परमेश्वरानेंच याला हें बोलावयास लाविलें असेल, असें तो म्हणाला. बंड मोडून राजा परत येतांना शिमी यार्देनेपाशीं त्याच्या पायां पडला. अबीशयानें पुन्हां तीच सूचना केली. दाविदानें ती पुन्हां नाकारली आणि शिमीला मरण येणार नाहीं अशी शपथ वाहिली. क्षमेचें याहून चांगलें उदाहरण शोधून सांपडणार नाहीं. पण मरतेवेळीं तोच दावीद मुलाला सांगतो कीं मीं शपथ वाहिली खरी, तूं मात्र त्याला सोडूं नको. म्हातारपणीं त्याचें रक्त सांडेल अशी तजवीज कर. शपथ दाविदापुरती होती, शलमोनावर तिचें बंधन नव्हतें, असा बचाव करतां येतो. शाळेंत मुलांच्या तोंडून अशा सबबी मीं पुष्कळ ऐकल्या आहेत.

शलमोनानें तजवीज केली. यरुशलेमेंत घर बांधून राहा आणि किद्रोन ओहोळ ओलांडलास तर मरशील, अशी अट त्यानें शिमीला घातली. तीन वर्षांनीं त्याचे दोन दास गथ नगरास पळाले. त्यांना आणावयास म्हातारा गाढवावर बसून गेला, आणि परत आल्यावर बनायानें राजाज्ञेनें त्याला ठार केलें.

दाविदाला दोष देण्याचा अधिकार मला नाहीं, हें आतां सांगतों. माझ्या नोकरीच्या काळांत एका सहशिक्षकानें माझ्याविरुद्ध वरिष्ठांकडे खोटा अर्ज केला, व मुख्याध्यापकाची जागा मला मिळाली नाहीं. मी केवळ मॅट्रिक झालेला. ती जागा एरव्हींहि मिळाली असती कीं नाहीं, हा प्रश्न मीं तेव्हां स्वतःला विचारला नाहीं. पुढें एका नाताळांत ते गृहस्थ घरीं आले आणि त्यांनीं चूक कबूल केली. मीं त्यांचा हात हातांत घेतला, झालें गेलें विसरूं या म्हणालों आणि करंज्यांचें ताट पुढें केलें. त्यानंतर कित्येक वर्षें देवळांत आम्ही एकाच बांकावर बसत आलों.

दोन वर्षांपूर्वीं मला न्युमोनिया झाला आणि आपण यांतून उठत नाहीं असें मला वाटलें. मुलाला उशाशीं बोलावून मी सांगूं लागलों: ट्रंकेची किल्ली कोठें, विम्याचे कागद कोठें, दूधवाल्याचे किती देणें आहेत, आईला एकटी ठेवूं नको, घरांतील प्रार्थना मोडूं नको. आणि त्याच दमांत सांगितलें कीं माझ्या शवपेटीला त्या माणसाचा खांदा लागूं देऊं नको. मुलगा वहींत लिहून घेत होता. त्यानें तेंहि लिहिलें. बरा झाल्यावर ती वही मीं वाचली. हस्ताक्षर माझ्या मुलाचें होतें आणि अध्याय १ राजे, दुसरा होता. ज्या गृहस्थानें माझ्या मुलाला बीजगणित शिकविलें, त्याच्याशीं मुलाचें काय वांकडें होतें?

त्या दिवसांत मीं योसेफाचें चरित्र पुन्हां वाचलें. भावांनीं त्याला २० रुप्यांना विकलें होतें. बाप वारल्यावर त्यांना धास्ती पडली कीं आतां हा उट्टें काढील. त्यांनीं निरोप पाठविला कीं भावांना क्षमा कर, अशी वडिलांची मरणापूर्वींची आज्ञा आहे. याकोब असें बोलल्याचें शास्त्रांत इतरत्र कोठें आढळत नाहीं. भिऊन त्यांनींच तें रचलें असावें असें मला वाटतें. योसेफ तो निरोप ऐकून रडला. तुम्हांला व तुमच्या मुलाबाळांना मी पोसीन, असें सांगून त्यानें त्यांचें समाधान केलें. पुढें ११० वर्षांचा होऊन तो मरूं लागला तेव्हां भाऊबंदांशींच बोलला. देव तुम्हांला या देशांतून नेईल, त्या वेळीं माझीं हाडें बरोबर न्या, एवढेंच त्याचें मागणें. खड्ड्याचा उल्लेख नाहीं, २० रुप्यांचा नाहीं. पुढें मोशेनें तीं हाडें मिसर देशांतून नेलीं आणि अखेर शखेमांत तीं पुरण्यांत आलीं.

प्रभूनें वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठीं क्षमा मागितली आणि धोंड्यांखालीं गुडघे टेकून स्तेफनानेंहि तीच मागितली, हें आपण सर्व जाणतों. योसेफाजवळ हीं उदाहरणें नव्हतीं. माझ्याजवळ होतीं.

मीं वहींतील ती ओळ खोडली. मुलगा म्हणाला, “बाबा, अजून वाचतां येते.” मग पानच फाडलें आणि बाकीच्या सूचना नव्या पानावर उतरविल्या. दुसऱ्या आठवड्यांत त्या गृहस्थांच्या घरीं गेलों. ज्याला आपण क्षमा केली असें भासविलें, त्याला ती केली नव्हती असें सांगणें फार जड जातें. तें सांगितलें. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले कीं त्यांना हें ठाऊक होतें. इतकीं वर्षें मी शेजारीं बसलों, पण गीतांचें पुस्तक एकदांहि त्यांच्याकडे सरकविलें नाहीं.