आकाशातले बदली कामगार

(राजारामपुरी, कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, ऊसतोडणी मजूर, अंगणवाडी सेविका यांचे प्रश्न सुटलेले नसताना, लाखांत पगार घेणाऱ्या वैमानिकाची चिंता आपण का वाहावी, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर सहानुभूतीने देता येणार नाही. ते श्रमाच्या व्यवस्थेचे विश्लेषण करूनच द्यावे लागेल.

ज्या राजाराम महाराजांचे नाव या वसाहतीला आहे, त्यांच्याच कारकिर्दीत १९३९ साली उजळाईवाडीचा विमानतळ सुरू झाला. दीर्घकाळ तो जवळजवळ निद्रिस्तच होता. २०१७ पासून ‘उडान’ योजनेखाली लहान शहरांच्या मार्गांवर सरकार कंपन्यांची तूट भरून देऊ लागले आणि कोल्हापूरकरांना हैदराबाद, बंगळूर, मुंबई जवळ आली. ही सोय सार्वजनिक पैशातून उभी राहिली आहे. म्हणून ती कोणाच्या श्रमावर आणि कोणत्या अटींवर चालते, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

प्रादेशिक विमानसेवेतील वैमानिकाचे काम मोठ्या विमानांवरील वैमानिकापेक्षा वेगळे असते. पल्ले छोटे, त्यामुळे एकाच दिवसात चार-चार वेळा विमान वर न्यायचे आणि खाली आणायचे. विमानप्रवासात धोका अधिक असतो तो याच दोन क्षणी. पावसाळ्यात एका ठिकाणी ढग उतरले की दिवसभराचे वेळापत्रक कोसळते आणि सकाळी ठरलेली आठ तासांची पाळी संध्याकाळी बारा तासांची होऊन बसते. वर्षाला १००० तासांहून अधिक उड्डाण करू नये असा नियम आहे. परंतु त्यात मोजले जातात ते उड्डाणाचे तास. विमानतळावर खोळंबण्याचे, परगावच्या हॉटेलात पडून राहण्याचे आणि पहाटे तीनला उठण्याचे तास या हिशेबात येत नाहीत.

याहून महत्त्वाची बाब राखीव पाळीची. त्यांच्या भाषेत तिला ‘स्टँडबाय’ म्हणतात. वैमानिक घरी असतो, पण मोकळा नसतो. दूरध्वनी वाजला की ठरलेल्या वेळेत विमानतळावर हजर व्हावयाचे. झोप घ्यावी तर बोलावणे येईल ही धास्ती. जागे राहावे तर बोलावणे येईल तेव्हा थकलेला असणार. अनेक कंपन्यांत वेतनाचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांशी बांधलेला आहे. साहजिकच बोलावणे आले नाही, तर दिवस गेला आणि कमाईही बेताचीच झाली.

मित्रहो, हे चित्र आपल्याला अपरिचित नाही. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार रोज सकाळी दारावर उभा राहत असे. कोणी गैरहजर असला तर याला काम, नसला तर हात हलवीत परत. गैरहजेरीची अनिश्चितता ही वास्तविक गिरणीची अडचण. तिचा खर्च मात्र बदली कामगाराच्या पोटातून वसूल होई. राखीव माणसे ठेवणे हा धंद्याचा विमाच असतो. प्रश्न एवढाच की त्याचा हप्ता कोणी भरावयाचा?

गेल्या काही वर्षांतील घटनांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये विश्रांतीचे सुधारित नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली आणि रात्रपाळीत उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. १ जून २०२४ पासून लागू व्हावयाचे हे नियम कंपन्यांच्या हरकतींमुळे लांबणीवर पडले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते अमलात आले. जवळजवळ दोन वर्षांची मुदत मिळूनही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने, इंडिगोने, पुरेशी माणसे ठेवली नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये तिची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि प्रवाशांचे अतोनात हाल झाले. त्यावर शासनाने काय केले? रात्रीच्या पाळीच्या नियमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली! विम्याचा हप्ता चुकविला कंपनीने. भरपाई करावयाची वैमानिकाच्या झोपेने आणि प्रवाशाच्या सुरक्षिततेने.

साप्ताहिक विश्रांती ही मेहेरबानी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हाही धंदा बुडेल अशीच ओरड मालकांनी केली होती. धंदा बुडाला नाही.

थकव्याची किंमत काय असते ते मंगळूरला दिसले. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले विमान धावपट्टीपलीकडे दरीत कोसळले आणि १५८ माणसे मृत्युमुखी पडली. विमान चुकीच्या रीतीने उतरत असताना प्रयत्न सोडून पुन्हा वर नेले गेले नाही, हे चौकशीत मुख्य कारण ठरले. मुख्य वैमानिक प्रवासात दीर्घकाळ झोपलेला होता आणि त्या झोपेची गुंगी हेही एक कारण म्हणून नोंदविले गेले. पुन्हा वर चला, असे सहवैमानिकाने सुचविले होते. कनिष्ठाचा शब्द वरिष्ठाच्या कानी का पडत नाही, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही, श्रेणीबद्धतेचा आहे. अमेरिकेत २००९ साली बफेलोजवळ एका प्रादेशिक कंपनीचे विमान पडून ५० जण दगावले. तेथील सहवैमानिक रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून कामावर आली होती. त्यानंतर जनमताच्या रेट्याने तेथे विश्रांतीचे कायदे कडक झाले.

आता बढतीकडे वळू. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च लक्षावधी रुपयांत जातो. त्यानंतर विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, तेही बहुधा स्वखर्चाने. म्हणजे नोकरीच्या पहिल्याच दिवशी डोक्यावर कर्ज. मुख्य वैमानिकाच्या परवान्यासाठी १५०० तास हवेत; प्रादेशिक कंपनी ही त्या जिन्याची पहिली पायरी. परंतु २०१७ च्या नियमाने मुख्य वैमानिकाला राजीनाम्यानंतर एक वर्ष आणि सहवैमानिकाला सहा महिने थांबावे लागते. प्रशिक्षित माणूस अचानक गेला तर उड्डाणे रद्द होतात, हे कंपन्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण हे बंधन एकतर्फी आहे. कोल्हापूरला सेवा देणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली, त्याआधी २०१९ मध्ये जेट एअरवेज बुडाली. या कंपन्यांनी कोणाला वर्षभराची सूचना दिली होती? कंपनी बुडाली की ज्येष्ठताही बुडते आणि चाळिशीतला माणूस नव्या ठिकाणी यादीच्या तळाशी जाऊन उभा राहतो.

ज्या नगरीत शाहू महाराजांनी गरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली, तिथे एवढे तरी विचारलेच पाहिजे की या जिन्यावर चढतो कोण? ज्याच्या बापाकडे तारण ठेवायला जमीन वा घर आहे, तोच.

वैमानिकांचेही काही चुकले आहे. त्यांनी स्वतःला दीर्घकाळ कामगार मानलेच नाही. २००९ मध्ये जेटच्या वैमानिकांनी संघटना काढली, बडतर्फी ओढवून घेतली आणि सामूहिक रजेवर गेले, तेव्हा इतर कामगार दूर उभे राहिले. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला आणि निष्फळ ठरला. सामान उचलणारा कंत्राटी मजूर आणि विमान चालविणारा कॅप्टन एकाच धावपट्टीवर राबतात, पण एका संघटनेत येत नाहीत. मालकाची खरी ताकद या दुराव्यात आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. विश्रांतीच्या नियमांतून कोणत्याही कंपनीला सूट नको. थकल्याचे कळविणाऱ्याला शिक्षा नको. राखीव पाळीच्या तासांचे निश्चित वेतन मिळाले पाहिजे, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या मार्गावर ही अट करारातच असली पाहिजे. सरकारी प्रशिक्षण संस्थांत गरीब विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती हवी.

उजळाईवाडीच्या अनुदानाचा विषय खासदारांपुढे नेताना आपण केवळ नव्या मार्गांची मागणी करतो. यापुढे निवेदनात या चार ओळीही घाला. त्या वैमानिकांच्या हिताच्या आहेत, तशाच त्यांच्यामागे बसलेल्या प्रवाशांच्याही.