मस्टरवर नाव नसलेली बाई

(बदनापूर, जि. जालना इथं महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आजचा विषय 'विद्यापीठ कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य व सुरक्षितता प्रशिक्षण' असा आहे. मी हे सांगितलं तेव्हा आमच्या गटातली एक बाई म्हणाली, "ताई, विद्यापीठात कसला आलाय धोका? पंख्याखाली बसायचं काम." मी म्हटलं, "अगं, आपल्या बदनापूरचं विद्यापीठ पंख्याखाली नाही, तुरीच्या ओळीत आहे."

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. त्याचं इथलं संशोधन केंद्र कडधान्यांसाठी ओळखलं जातं. बीडीएन ७११ ही तूर तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या रानात पेरली गेली असेल. त्यातलं 'बीडीएन' म्हणजे आपलं बदनापूर. एक वाण तयार व्हायला वर्षानुवर्षं जातात. शास्त्रज्ञाचं नाव वाणाला लागतं, ते योग्यच आहे. पण खुरपणी, भेसळीची झाडं उपटणं, कापणी, मळणी, बियाणं निवडणं ही कामं हातांनीच होतात. संशोधनाचं शेत असो की बीजोत्पादनाचा प्लॉट, हे हात बहुतेक वेळा रोजंदारीवरच्या बायांचे असतात.

एक प्रसंग सांगते. हा विद्यापीठातला नाही, एका खाजगी बीजोत्पादनाच्या शेतावरचा आहे. तिथं कीटकनाशकांच्या सुरक्षित वापराचं प्रशिक्षण होतं आणि मलाही बोलावलं होतं. खोलीत सगळे पुरुष. मास्क, हातमोजे, चष्मा, सगळं टेबलावर मांडलेलं. दोन तास चांगली माहिती दिली गेली. चहाच्या सुट्टीत मी बाहेर आले, तर नळाशी एक मावशी फवारणीचे कपडे धूत बसलेली. पदर ओला, हात कोपरापर्यंत ओले. तळहाताची साल निघालेली. सकाळीच तिनं बियाण्याला थायरम चोळलं होतं, उघड्या हातांनी.

मी विचारलं, "मावशी, तुम्ही आत का नाही आलात?"

ती म्हणाली, "आत कर्मचारी बसलेत. मी रोजानं आहे."

मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा कामगारांच्या आरोग्यावरचे धडे वाचले, परीक्षा दिली. पण 'कर्मचारी कोण?' हा त्या अभ्यासातला पहिला प्रश्न असायला हवा होता, हे मला त्या नळाशी कळलं. ज्यांच्या अंगाला विष लागतं त्यांच्यातली निम्मी माणसं खोलीच्या बाहेर, आणि आत मात्र प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या सह्या!

विष फक्त तोंडातून जातं असं आपण धरून चालतो. पण बरीच कीटकनाशकं कातडीतून आत शिरतात. ओलं कापड अंगाला चिकटलं, हाताला जखम असली, उन्हानं घाम फुटलेला असला, की ती जास्त शिरतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या द्रव्याचं काम बंद पाडतात. हे द्रव्य नसांचा ताबा ठेवतं. मग लाळ गळते, घाम सुटतो, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, श्वास कोंडतो. आता बायांची कामं आठवा. फवारणीसाठी पाणी आणणं, औषध कालवून देणं, फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी खुरपणं, संध्याकाळी नवऱ्याचे कपडे धुणं. पंप तिच्या पाठीवर नसतो, म्हणून ती 'फवारणी करणारी' ठरत नाही. पण विषाला मस्टर वाचता येत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी कापूस डोक्याइतका वाढला होता. फवारा वर मारायचा आणि तो तोंडावर, छातीवर यायचा. तूरही अशीच उंच वाढते आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी ती नेमकी फुलोऱ्यात, उंच असतानाच फवारतात. यवतमाळनंतर आपण किती वेळा ऐकलं, "त्यांनी मोजे घातले नव्हते." जणू मेलेल्याचीच चूक! आरोग्याचं शास्त्र क्रम उलटा सांगतं. आधी विष टाळता येतं का ते बघा. नसेल टाळता येत, तर कमी जहाल औषध घ्या. मग कामाची पद्धत आणि वेळ बदला. हातमोजे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे प्रशिक्षण शेवटच्या पायरीपासून सुरू होतं आणि तिथंच संपतं. ते मोजेही पुरुषाच्या पंज्याच्या मापाचे. मोठ्या मोज्यात खुरपं धरता येत नाही, बाई तो काढून ठेवते आणि मग 'बायका ऐकत नाहीत' असा शेरा मिळतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. अंगावर औषध सांडलं तर कपडे लगेच काढा आणि साबण-पाण्यानं भरपूर धुवा, असं शिकवतात. बरोबर आहे. पण आडोसा नसलेल्या शेतात बाईनं लुगडं कुठं काढायचं? जिथं न्हाणीघर नाही, संडास नाही, तिथं हा उपाय पुरुषांपुरताच उरतो. संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया तुम्हाला माहीत आहेत. मराठवाड्याच्या उन्हात ते वेगळंच दुखणं होऊन बसतं.

कायद्याकडे वळते. १९४८ चा कारखाना कायदा कारखान्याच्या भिंतीआड थांबला. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत सुरक्षेचे कपडे, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण हे सगळं आहे. पण प्रशिक्षणाची जबाबदारी उत्पादक, वितरक आणि फवारणीचा व्यवसाय करणारे यांच्यावर आहे. खुरपणारी बाई त्या चित्रात दिसत नाही.

पण एक कायदा आपल्याच चळवळीनं मिळवलेला आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवी मानधनावर काम करणाऱ्या साथीण. बालविवाह थांबवण्याचं काम केलं म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. त्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कायम, हंगामी, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली अशा सगळ्या जणी येतात. म्हणजे छळाच्या तक्रारीसाठी जी बाई कर्मचारी आहे, ती विषाच्या प्रशिक्षणासाठी कर्मचारी का नाही? हा प्रश्न आपण जिथं तिथं विचारला पाहिजे. २०२२ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामाच्या मूलभूत हक्कांत धरला आहे. तेव्हा ही मागणी कुणाच्या मेहेरबानीची नाही.

आता कामाचं बोलू. आपल्या आसपास कुठल्याही शेतावर, केंद्रावर, कॉलेजात प्रशिक्षण असेल तर गटानं जाऊन पाच प्रश्न विचारावेत. रोजंदारीवरच्या बाया यादीत आहेत का? प्रशिक्षणाच्या दिवसाचा रोज मिळणार का? रोज बुडणार असेल तर कुणी येणार नाही. फवारलेल्या रानात पुन्हा कधी पाठवायचं हे कुणी ठरवलंय? फवारा वाळेपर्यंत तरी नाही, आणि माहितीपत्रकात जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज न कापता दुसरं काम मिळतं का? आणि धुण्याचं पाणी, साबण, आडोसा कुठं आहे?

आपल्या बैठकीत डब्यावरचा त्रिकोण सगळ्यांना ओळखायला शिकवा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. अक्षर येत नसलं तरी रंग कळतो. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र नाही. बाधा झाली तर १०८ ला फोन करा आणि डबा किंवा त्याचं लेबल दवाखान्यात बरोबर न्या. कोणतं विष आहे ते कळलं तर डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

त्या मावशीला मी शेवटी खोलीत नेऊन बसवलं. ती दाराशीच बसली. पण तिनं विचारलेला प्रश्न टेबलावरच्या कुठल्याच वस्तूत बसणारा नव्हता. तिनं विचारलं, "हे समदं झालं. पण धुण्याला मला मोजे कोण देणार?" प्रशिक्षकाकडे उत्तर नव्हतं. ते मिळवणं आपलं काम आहे.

एवढं बोलून थांबते.