मेल परत येतो तेव्हा

व्याख्यानमालेत मेल सर्व्हरचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण द्राक्षांचा कंटेनर बंदराकडे निघालेला असताना नेदरलँड्सच्या खरेदीदाराला पाठवलेली कागदपत्रं परत आली, तर तासगावच्या निर्यातदाराची झोप हाच विषय उडवतो. साताऱ्याच्या एमआयडीसीतला कारखानदार असो की सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या, ऑफिसच्या कोपऱ्यात स्वतःचा सर्व्हर ठेवलेल्या कुणालाही हे चुकत नाही.

मेल परत आला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: राउटर बंद करून चालू करा. गंमत म्हणजे कधीकधी मेल जातोही! साध्या ब्रॉडबँडवर राउटर पुन्हा सुरू झाला की बऱ्याचदा नवा आयपी पत्ता मिळतो. जुना पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत असेल आणि नवा नसेल, तर काम होतं. आठवड्यात पुन्हा तेच. दुखणं मात्र जागच्या जागी.

त्यापेक्षा परत आलेला मेल वाचा. तो आपल्याच सर्व्हरने लिहिलेला असतो, म्हणून लोक आपल्याच सर्व्हरला दोष देतात. पण आत समोरच्या सर्व्हरचं मूळ उत्तर असतं आणि त्यात तीन आकडी क्रमांक. क्रमांक चारने सुरू होत असेल, ४२१ किंवा ४५१, तर नकार तात्पुरता आहे. आपला सर्व्हर स्वतःच चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो, हात लावू नका. ५५० सारखा पाचने सुरू होणारा क्रमांक म्हणजे पक्का नकार. आणि उत्तरच नसेल, नुसतं कनेक्शन लागलं नाही एवढंच लॉगमध्ये असेल, तर बहुधा तुमच्या इंटरनेट पुरवठादाराने सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते पोर्ट २५ बंद ठेवलंय. मेल गावाबाहेर पडलेलाच नाही.

ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पोचवण्याचे नियम लिहिले, ते भरवशावर चालणारे. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही घालावं, तपासणी नाही. आजचे सगळे दाखले नंतर चिकटवलेले आहेत. एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा. डीकेआयएम मेलवर सही करतं. डीमार्क सांगतं की दोन्ही नापास झाले तर काय करायचं. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी या दाखल्यांचे नियम कडक केले. मोठ्या संख्येने, गूगलच्या हिशेबात रोज पाच हजारांवर, मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही हवेत. बाकीच्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी, आणि आयपीचं उलटं नाव बरोबर.

हे उलटं नाव, म्हणजे आयपी पत्त्यावरून सापडणारं नाव किंवा पीटीआर, लहान ऑफिसांना सगळ्यात जास्त छळतं. डोमेनच्या बाकीच्या नोंदी तुमच्या हातात असतात, ही नोंद आयपीच्या मालकाकडे, म्हणजे पुरवठादाराकडे. साध्या जोडणीत तिथे आयपीचेच आकडे घातलेलं एखादं नाव असतं. समोरचा सर्व्हर ते पाहून समजतो की ही घरगुती लाइन आहे. म्हणून आधी स्थिर आयपी घ्या, मग तुमच्या मेल सर्व्हरचं नाव तिथे लावून मागा, आणि त्या नावावरून परत तोच आयपी मिळतो का ते बघा. कॉल सेंटरवर हे मागितलं तर ‘सर, राउटर रिस्टार्ट केलाय का?’ असं ऐकायची तयारी ठेवा. लेखी अर्ज बरा.

एसपीएफमध्ये दोन चुका नेहमीच्या. एकाच डोमेनला दोन नोंदी केल्या की दोन्ही निकामी. आणि बिलिंगची सेवा तुमच्या नावाने पावत्या पाठवत असते, तिचा सर्व्हर नोंदीत नसतो.

माझं मत विचाराल तर येणारे मेल खुशाल स्वतःच्या सर्व्हरवर घ्या, बाहेर जाणारे मात्र मेल पुढे पोचवून देणाऱ्या एखाद्या रिले सेवेमार्फत, पोर्ट ५८७वरून पासवर्ड देऊन पाठवा. स्वाभिमानाला जरा लागतं, पण मोठ्या कंपन्यांनी लहानांकडे संशयाने पाहायचं ठरवलंय आणि ते भांडण सांगलीतून जिंकता येणार नाही. रिलेचं नाव एसपीएफमध्ये घालायला विसरू नका.

राहिली काळी यादी. स्पॅमहाउससारख्या यादीत नाव आलं की लोक लगेच नाव काढायचा अर्ज करतात. ज्या संगणकातून किंवा चोरलेल्या पासवर्डावरून स्पॅम जातोय, तो तसाच चालू असतो. मग नाव पुन्हा लागतं आणि पुढच्या वेळी निघायला जास्त वेळ लागू शकतो. आधी लॉग उघडा, रात्री दोन वाजता कुणाच्या खात्यातून मेल जातायत ते शोधा, तो पासवर्ड बदला. अर्ज त्यानंतर.