ओटीवरचं घड्याळ भंगारात देण्याआधी



आपल्या पनवेल तालुक्यात किती घरं हलली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. विमानतळासाठी उलवे, कोंबडभुजे, तरघर, कोल्ही, चिंचपाडा अशी गावं उठली. इतर गावांतही कौलारू घरं जाऊन इमारती आल्या. घर पाडायचं ठरलं की भंगारवाला दारात येतो. मग पितळेच्या भांड्यांबरोबर ओटीवरचं टोल्याचं घड्याळही जातं. आज त्या घड्याळाबद्दल बोलूया.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी असं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं. घेणारा म्हणाला, "मशीन गेलंय, लाकडाचे पैसे देतो." आम्ही त्यांना थांबवलं आणि घड्याळ एका जुन्या कारागिराकडे नेलं. मशीन धडधाकट होतं. जुनं तेल सुकून चिकट झालं होतं, एवढंच. साफसफाई झाली आणि घड्याळ पुन्हा टोले देऊ लागलं.

लंबकाचं पहिलं घड्याळ १६५६ साली नेदरलँड्सच्या क्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञाने तयार करवलं. आपल्या ओटीवरचं घड्याळ त्याच तत्त्वावर चालतं. चावी दिली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. ती हळूहळू सुटताना चाकं फिरवते आणि लंबक त्या चाकांना एका लयीत सोडतो. तबकडीवर चावीची दोन भोकं असतील, तर एक काट्यांसाठी आणि दुसरं टोल्यांसाठी असतं. पुष्कळ घड्याळांना आठवड्यातून एकदाच चावी लागते.

घड्याळ चालू होऊन लगेच थांबत असेल, तर आधी कान देऊन ऐका. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं हवं. लंगडा आवाज आला, तर घड्याळ भिंतीवर किंचित डावीउजवीकडे सरकवून पाहा. याला एक पैसाही लागत नाही. घड्याळ मागे पडत असेल, तर लंबकाखालचा नट फिरवून गोळा थोडा वर घ्या. पुढे जात असेल, तर खाली करा.

आता काय करू नये, तेही ऐका. मोठा काटा उलटा फिरवू नका. खोबरेल तेल घालू नका, ते गोठतं. तबकडी ओल्या फडक्याने पुसू नका, आकडे जातात. मशीन घरी उघडू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली, तर हाताला जबर इजा होते. घड्याळ हलवताना लंबक आधी काढून ठेवा.

दुरुस्तीला दिलंत, तर सेलचं मशीन बसवून आणू नका. मूळ मशीन गेलं की जुन्या घड्याळाची किंमत उतरते.

आणखी एक काम करा. तबकडीवर, मशीनच्या मागच्या पत्र्यावर आणि पेटीच्या आत कंपनीचं नाव किंवा कागदी चिठ्ठी आहे का, ते बघा. वहीत उतरवा, फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: हे कोणी आणलं, कुठून, कोणत्या कमाईतून? १९०६ साली देशभर एक प्रमाणवेळ आली. तरी मुंबईची स्वतःची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. तुमच्या आजेसासऱ्यांनी घड्याळ कोणत्या वेळेला लावलं होतं, हे कदाचित एखादी आजीच सांगू शकेल.

घड्याळ विकायचं असेल, तरी हरकत नाही. पण किलोवर विकू नका. आधी कारागिराला दाखवा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. आणि हा निर्णय एकट्या पुरुषांवर सोडू नका. त्या घड्याळावर डब्याची, शाळेची आणि गाडीची वेळ आपणच सांभाळली आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: कोणाच्या घरी जुनं घड्याळ आहे? यादी करा आणि सगळ्या मिळून एकदाच कारागिराकडे जा.